जरा सांभाळून घ्या

माझ्या मुलाचे तबल्याचे सर आता वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत कामाला आहेत. कंपनी हाउसिंग सोसायट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते. सर आधी तिथे लोकांचे फोन घ्यायचे, आता कोड लिहितात. त्याआधीची पंधरा वर्षं ते पूर्णवेळ साथीदार होते. भावगीतांचे कार्यक्रम, नाट्यसंगीत, गणपतीतली भजनं, दिवाळी पहाट, कुणाच्या साठीशांतीची घरगुती मैफल, जे येईल ते.

हे प्रकरण मी जवळून पाहिलं आणि त्यातली एक महागडी चूक माझ्या सल्ल्याने झाली, म्हणून लिहून काढते आहे. सरांना विचारून लिहिलंय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. आकडे मात्र त्यांच्याच वहीतले आहेत.

मी स्वतः ऐरोलीत सॉफ्टवेअरमध्ये काम करते, राहते पाचपाखाडीला. सर कळव्याचे. घरी आई, बायको आणि तेव्हा चार वर्षांची मुलगी. नौपाड्यात एक खोली तासांवर भाड्याने घेऊन ते क्लास चालवायचे. मी त्यांना सर म्हणते, ते मला ताई म्हणतात. मधली दोन वर्षं मी त्यांना शिकवत होते, तेव्हा कुणी कुणाला सर म्हणायचं यावरून थोडा गोंधळ झाला, पण संबोधनं काही बदलली नाहीत.

डग्गा ऐकू येत नाही

२५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता. सरांकडे पाडव्याच्या दोन तारखा होत्या, एक पहाटेची आणि एक संध्याकाळची. त्याच दिवसापासून देशभर लॉकडाउन लागला. पुढे चैत्रातल्या, मग उन्हाळ्यातल्या, मग गणपतीतल्या सगळ्या तारखा गेल्या. नाट्यगृहं ५ नोव्हेंबरला उघडली ती निम्म्या खुर्च्यांवर, आणि निम्म्या खुर्च्यांत वादकांचं मानधन निघत नाही.

क्लास झूमवर आला. बावीस मुलांमधली नऊ टिकली. पहिल्या आठवड्यात सरांचा मला फोन, "ताई, पोरांना तबला ऐकू जातोय, डग्गा ऐकूच जात नाही. हात फिरताना दिसतो, आवाज नाही." झूम माणसाचं बोलणं नीट ऐकू जावं म्हणून बाकीचा आवाज कापतं, आणि डग्ग्याचा घुमारा त्याच्या हिशेबी पंख्याची घरघर. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचा पर्याय असतो, तो चालू करायला मी सांगितलं. काम झालं. मला वाटलं विषय संपला.

चार दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी प्रश्न वेगळा होता. आवाज तिकडे पोचायला जो उशीर लागतो तो नेमका कुठे होतो, माइकमध्ये, कॉम्प्युटरमध्ये की नेटमध्ये? एकत्र वाजवता येत नाही हे त्यांनी मान्य केलं होतं, पण का येत नाही ते त्यांना कळून घ्यायचं होतं. मी बफर म्हणजे काय ते सांगितलं, आवाज आधी थोडा साठवायचा आणि मग पुढे सोडायचा. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कोठीत धान्य साठल्याशिवाय चक्की सुरू करत नाहीत तसं." नंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी विचारलं, "तुमचं हे काम मला येईल का?" तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही ते या कोठीमुळे.

वही

मी त्यांना लगेच पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला घेतली नाही. आधी वही मागितली. साथीदार मंडळी तारखांची वही ठेवतात: तारीख, ठिकाण, कोणाबरोबर, किती ठरले, किती मिळाले. एप्रिल २०१९ ते मार्च २०२० हे त्यांचं शेवटचं नेहमीसारखं वर्ष. आम्ही ते एक्सेलमध्ये उतरवलं.

कार्यक्रम ५८. सरासरी मानधन २,२०० रुपये. त्यातल्या सात कार्यक्रमांचे पैसे कधी आलेच नाहीत. हातात आले १,१२,२००. क्लासचे वर्षाचे १,७६,०००.

मग मी तास विचारले. सरांना हा प्रश्न विचित्र वाटला. कलाकार तास मोजत नाही. तरी मोजले. साडेआठचा कार्यक्रम असला तरी साउंड चेकसाठी चार वाजता पोचायचं, म्हणजे घरातून दोनला निघायचं. खांद्यावर एका पिशवीत डग्गा, दुसरीत गायकाच्या पट्टीप्रमाणे एक किंवा दोन तबले, काळी एक आणि काळी चार. एवढं घेऊन ठाण्याच्या फलाटावर गर्दीत चढून दाखवावं. परतायला रात्रीचा एक. शिवाय प्रत्येक कार्यक्रमाला निदान एक तालीम, तिचे वेगळे पैसे नाहीत. एका तारखेमागे सोळा तास धरले तर वर्षाचे ९२८ तास होतात. ताशी १२१ रुपये. प्रवास, पुडी म्हणजे तबल्यावरचं कातडं बदलणं, पावसाळ्यात सैल पडलेल्या वाद्या ओढून घेणं हे त्यातच. क्लासचे तास सहाशेच्या आसपास, ताशी २९३.

सर बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. "म्हणजे मी मास्तर आहे," म्हणाले. "कार्यक्रम ही माझी हौस आहे आणि तिच्यासाठी मीच पैसे भरतोय."

माझ्या मते या प्रकरणातला निर्णय खरं तर त्या दिवशी झाला. लोक म्हणतात लॉकडाउनने वादकांचं करियर संपवलं. सरांची वही वेगळं सांगते. २०१४ पासून तारखा दरवर्षी थोड्या कमी होत गेलेल्या दिसतात, आणि त्याचं कारण वहीतच आहे. हौशी गायकांचे कार्यक्रम कराओकेवर गेले. हॉल घ्यायचा, प्रत्येक गायकाने आपापल्या गाण्याचे पैसे भरायचे, ट्रॅक लॅपटॉपवर. पूर्वी त्याच कार्यक्रमाला सहा वादक तरी लागायचे. जिथे वादक राहिले तिथे ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणारा तबल्याचीही बाजू मारून नेतो. रियाजाला बसणाऱ्या गायकाच्या मोबाइलमध्ये ठेका वाजतो आणि तो चहा मागत नाही.

आणखी एक शब्द त्या वहीत वारंवार दिसत होता. ठरलेले तीन हजार आणि मिळालेले अठराशे यांच्या मध्ये सरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सां. घ्या.' मी विचारलं हे काय. "आयोजक म्हणतात ना, यावेळी जरा सांभाळून घ्या. त्याची नोंद." ५८ पैकी १९ तारखांसमोर ती होती.

माझी चूक

त्यांनी नोकरीलायक शिकायचं ठरवल्यावर मी एका ऑनलाइन संस्थेचं नाव सुचवलं. आमच्या ऑफिसमधल्या एकाने तिचं कौतुक केलं होतं, जाहिराती सगळीकडे होत्या. 'नऊ महिन्यांत डेव्हलपर, नोकरीची हमी.' हमी या शब्दाखाली अटी होत्या त्या मी वाचल्या नाहीत. एरवी दुसऱ्याने लिहिलेली कोडची लायब्ररीसुद्धा तिचं लायसन्स वाचल्याशिवाय घेत नाही मी.

फी १,२०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४१,६००. समुपदेशक म्हणवणाऱ्या मुलीने फोनवरच सांगितलं, सर काळजी करू नका, महिना फक्त ५,९००, चोवीस महिने, व्याज नाही. ओटीपी आला, सरांनी सांगितला, झालं. तो हप्ता संस्थेचा नव्हताच. एका वित्त कंपनीचं कर्ज सरांच्या नावावर चढलं होतं, संस्थेला सगळी फी एकरकमी मिळाली होती, आणि कोर्स सोडला तरी कर्ज सुटणार नव्हतं. हे आम्हाला पाच महिन्यांनी कळलं. रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांचे नियम सप्टेंबर २०२२ मध्ये आणले. कर्ज घेतल्यावर ठराविक दिवसांत दंड न भरता बाहेर पडायची मुभा त्यात आहे. आमचं प्रकरण जून २०२१ चं.

कोर्स वाईट होता असं मी म्हणणार नाही. तो नुकत्याच इंजिनियर झालेल्या बावीस वर्षांच्या मुलांसाठी होता. थेट वर्ग रात्री आठ ते दहा. तिसऱ्या आठवड्यात लिंक्ड लिस्ट, म्हणजे माहिती साखळीसारखी जोडून ठेवायची रचना. सर पहिले तीन महिने एकही वर्ग न चुकवता बसले. २२ ऑक्टोबरला नाट्यगृहं पुन्हा उघडली, दिवाळी पंधरा दिवसांवर होती, आणि दीड वर्ष थांबलेले फोन एकदम सुरू झाले. दिवाळी पहाटेच्या सलग चार तारखा, तालमी सगळ्या रात्री आठला.

सरांनी तारखा घेतल्या. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. आता वाटतं त्यांचं बरोबर होतं, घरात तेव्हा रोख पैसा नव्हता. पण नोव्हेंबरपर्यंत कोर्स एवढा पुढे निघून गेला की परत धरणं अशक्य झालं. परतावा मिळावा म्हणून आम्ही बारा-तेरा मेल पाठवले. उत्तरं अतिशय नम्र होती. हप्ता मे २०२३ पर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला जात राहिला.

त्या काळात एकदा कळव्याला त्यांच्या घरी गेले होते. वहिनी एका बालवाडीत शिकवतात. मी माफी मागायला गेले होते, पण त्यांनी तो विषयच काढू दिला नाही. चहा ठेवताना सहज म्हणाल्या, "ताई, सगळे मला विचारतात की तबला सोडतायत का हो. मी म्हणते, रात्री एक वाजता तीन मजले डग्गा घेऊन चढणं तेवढं सोडतायत."

त्यांच्या गुरुजींना कसं सांगायचं हा सरांना खरा घोर होता. गुरुपौर्णिमेला गेले, चाचरत सांगितलं. गुरुजी पंच्याहत्तरीचे. ते नुसते हसले. ते स्वतः महापालिकेत कारकून म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं सकाळी रियाज, दिवसा जकातीच्या पावत्या, संध्याकाळी शिकवण्या आणि शनिवार-रविवार कार्यक्रम. त्यांच्या पिढीत ही रीतच होती. आणि नोकरी म्हटली तर अहमदजान थिरकवाँसाहेबसुद्धा गंधर्व नाटक मंडळीत पगारावर तबला वाजवत होते, पुढे लखनौला भातखंडे कॉलेजात शिकवायला होते. पूर्णवेळ मैफलीवर जगणारा साथीदार ही कल्पना सरांनी कुठून उचलली कुणास ठाऊक, गुरुजींकडून तर नक्कीच नाही.

कायदा आणि पलटे

जानेवारी २०२२ पासून आम्ही नव्याने सुरुवात केली, फुकटात. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर बारा आठवड्यांचा पायथनचा कोर्स होता, नावनोंदणीला पैसे नव्हते, परीक्षा द्यायची तर तेव्हा हजार रुपये. वेळ पहाटेची. पाच ते सात ही त्यांची रियाजाची वेळ होती. त्यांनी ती अर्धी वाटून घेतली, पाच ते सहा तबला, सहा ते सात लॅपटॉप. रविवारी दुपारी माझ्याकडे.

सुरुवातीला सर कोड पाठ करायचे. वहीत हाताने लिहून काढायचे, म्हणायचे, आणि माझ्यासमोर बसून तसाच्या तसा टाइप करून दाखवायचे. स्वल्पविरामाचीही चूक नाही. मग मी म्हणायचे, आता यादी उलटी लावा. की सगळं थांबायचं.

दोन महिने असे गेल्यावर मी वैतागून विचारलं की तबला पाठ केल्यावर तुम्ही मुलांना पुढे काय देता. "पलटे," ते म्हणाले. धाधा तिट धाधा तूना हा कायदा, म्हणजे मूळ बोलरचना, दिली की पलट्यात तेच बोल, बाहेरचा एकही नाही, फक्त मांडणी फिरवायची. हे सांगता सांगता ते स्वतःच थांबले. पुढच्या रविवारी आले ते एकाच छोट्या प्रोग्रामची अकरा रूपं घेऊन. काही चालत होती, काही नाही, पण प्रत्येक का चालत नाही ते त्यांना सांगता येत होतं.

पहिला स्वतःहून लिहिलेला प्रोग्राम अर्थात तिहाईचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याचा. तालाच्या मात्रा द्यायच्या, त्याने समेपासून निघून समेवर येणाऱ्या तिहाया शोधायच्या. धा वर संपणारा बोलाचा तुकडा इतक्या मात्रांचा, मधला दम, म्हणजे थांबा, इतक्या मात्रांचा. तीन तुकडे, दोन दम. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणून सरांनी अट लिहिली, एकूण मात्रांना सोळाने भागल्यावर बाकी शून्य उरली पाहिजे. मला ती वाचताना बरोबरच वाटली. प्रोग्रामने उत्तर दिलं, तुकडा चार, दम दोन. सरांनी मांडीवर टाळी देत म्हणून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. शेवटचा धा सोळाव्या मात्रेवर पडत होता, समेच्या एक मात्रा आधी. सम म्हणजे सतरावी मात्रा, बाकी एक उरायला हवी. दुरुस्ती केल्यावर तुकडा पाच, दम एक आलं: पाच, अकरा आणि सतरा, तिन्ही धा जागच्या जागी. दहा मात्रांच्या झपतालाला तुकडा तीन, दम एक. सात मात्रांच्या रूपकाला तुकडा पाच, बेदम, म्हणजे मध्ये दम नाही. मोजणी शून्यापासून की एकापासून, या एका अंकाच्या चुकीत आमच्या धंद्यातल्या लोकांच्या रात्री जातात. ती त्यांच्या कानाने पकडली, माझ्या डोळ्यांनी नाही.

हा किस्सा मी ऑफिसात सांगितला की सगळे म्हणतात, बघा, संगीत म्हणजे गणितच. मला ते फारसं पटत नाही. तिहाईचा प्रोग्राम दहा ओळींचा होता. नोकरीत त्याचा एकदाही उपयोग झाला नाही, मुलाखतीत कुणी विचारला नाही.

नोकरी

२०२२ च्या शेवटी त्यांचा बायोडेटा तीन पानांचा होता. दोन पानं कोणकोणत्या गायकांना साथ केली त्याची. मी तो एका पानावर आणला, सरांना वाईट वाटलं. विशारद पूर्ण ही ओळ ठेवली. बीए दूरशिक्षणाने, ५२ टक्के. आमच्या क्षेत्रात अनेक ठिकाणी दहावीपासून साठ टक्के अशी चाळणी लावलेली असते, बायोडेटा माणसापर्यंत पोचतच नाही.

वेळही वाईट. २०२१ मध्ये कंपन्या दिसेल त्याला घेत होत्या, २०२३ उजाडेपर्यंत हात आखडले होते. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि सरांना नातेवाइकांचे फोन सुरू झाले, की आता हे कामसुद्धा मशीनच करणार म्हणे. "आधी कराओके, आता हे," सर म्हणाले. "मी जिथे जाईन तिथे माझ्या मागोमाग येतंय." सत्तर अर्ज, तीन फोन, नोकरी शून्य.

नोकरी लागली ती क्लासमधल्या एका मुलीच्या वडिलांमुळे. त्यांचीच ती सोसायट्यांच्या हिशेबाची कंपनी. त्यांना डेव्हलपर नको होता. फोनवर सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलेल आणि नवीन आवृत्ती बाहेर जाण्याआधी तपासून बघेल असा माणूस हवा होता. आधीची दोन मुलं सेक्रेटरींच्या आरडाओरड्याला कंटाळून सोडून गेली होती. सरांनी पंधरा वर्षं आयोजक, निवेदक, हट्टी गायक आणि साउंडवाले सांभाळलेले. घोडबंदर रोडवरच्या सव्वाशे फ्लॅटच्या सोसायटीचे खजिनदार चिडून बोलत असताना ते शांतपणे 'हो काका, बरोबर आहे काका' करत नेमकं काय बिघडलंय ते काढून घ्यायचे. म्हणजे कामाला आलं ते साथीदाराचं वळण. कोड नंतर.

जून २०२३ मध्ये पहिला पगार झाला. २०,००० मधून पीएफचे १,४४०, कामगार विम्याचे १५० आणि व्यवसाय कराचे २०० गेले, हातात १८,२१०. पुढच्या फेब्रुवारीत सरांचा फोन आला की कर शंभर रुपये जास्त कापलाय, काही चुकलंय का. महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५०० पुरे करायला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पैशातून कुणी नियमाने काहीतरी कापत होतं, आणि ते कागदावर लिहून देत होतं. विम्यात आईचंही नाव घालता आलं.

पहिल्या वर्षाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर पगाराचे २,१८,४२०. कार्यक्रम आणि क्लास मिळून २०१९-२० मध्ये २,८८,२०० आले होते. म्हणजे नुसत्या नोकरीत ते खाली आले. रविवारी दहा मुलांचा क्लास ठेवला, हजार रुपये महिना, म्हणून गाडी ३,३८,४२० वर गेली. तीन वर्षांची मेहनत, १,४१,६०० चं कर्ज, आणि वर्षाला पन्नास हजारांची वाढ. 'तबला सोडा, कोडिंग शिका, लाखो कमवा' म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवते. फरक एवढाच, की पैसे सात तारखेला येतात आणि कुणी सांभाळून घ्या म्हणत नाही.

चार फ्लॅट

वर्षभराने मालकांनी त्यांना छोटी छोटी कोडची कामं द्यायला सुरुवात केली. पहिलं मोठं काम, सोसायट्यांच्या जुन्या एक्सेल फायलींमधली थकबाकी उचलून नव्या प्रणालीत भरायची आणि तिच्यावर व्याज लावायचं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर तेव्हा वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याज लावता येत होतं. सरांनी व्याज अगदी बरोबर लावलं. चाचणी झाली, पहिली बिलं गेली.

तिसऱ्या दिवशी त्याच घोडबंदरच्या खजिनदार काकांचा फोन. बेरीज जुळत नाही. १२४ फ्लॅट, बिलं १२०. चार फ्लॅटना बिलच निघालं नव्हतं. त्या चौघांपैकी एकानेही तीन दिवसांत फोन केला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी सरांनी मला त्यांचा कोड दाखवला. त्या चार ओळींत तारीख ३१ एप्रिल अशी लिहिलेली होती, कुणीतरी हाताने भरलेली. अशी तारीख नसतेच, त्यामुळे प्रोग्राम तिथे अडखळून मोडायला हवा होता. तो मोडला नाही, कारण सरांनी प्रत्येक ठिकाणी चूक झाली तर काही न बोलता पुढे जा अशी तजवीज केली होती. पायथनमध्ये हे दोन शब्दांत होतं: एक्सेप्ट, पास. पुढच्या ओळी बघितल्या, तिथेही तेच. अख्ख्या फाइलमध्ये मी मोजले, सतरा ठिकाणी.

मी विचारलं, हे कुणी शिकवलं तुम्हाला. सर गोंधळले. त्यांना ते शिकवावं लागलंच नव्हतं.

मग त्यांनी एक आठवण सांगितली. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एका गायकाला साथ करत होते. झपताल. गायक आलापात रंगले, हरवले आणि समेच्या दोन मात्रा पुढे जाऊन मुखडा धरला. सरांनी अर्ध्या क्षणात ठेका गिळला, मध्ये एक तुकडा घातला, दोन मात्रा खाऊन टाकल्या, आणि गायक जिथे आले तिथे सम आणून ठेवली. टाळ्या पडल्या. गायकांना आजही माहीत नाही. साथीदाराच्या धंद्यात याला सांभाळून घेणं म्हणतात, आणि ज्याला ते येतं त्याला पुन्हा बोलावतात. तुमच्यासमोर चूक झाली तर थांबायचं नाही, मान हलवायची नाही, चेहरा बदलायचा नाही. ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

आता हाच हात कीबोर्डवर बसला होता. प्रोग्राम हरवला की सर त्याला सांभाळून घेत होते.

त्या रात्री मी त्यांना कोड दुरुस्त करून दिला नाही. म्हटलं, सतराही जागा काढा आणि जे मोडेल ते मोडू द्या. सरांना हे शारीरिक जड गेलं. लाल अक्षरांचा ढीग स्क्रीनवर आला की त्यांचा हात आपोआप तो झाकायला जायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना स्वतः जाऊन सांगितलं की बिलं चुकली ती माझ्यामुळे, आणि आणखी तीन सोसायट्यांमध्ये अशाच नोंदी गळल्या आहेत, त्यांना अजून कळलेलं नाही. मालक म्हणे दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आपणच त्यांना आधी फोन करू. तिन्ही फोन सरांनी केले.

माझ्या दृष्टीने ते त्या आठवड्यात प्रोग्रामर झाले. तबल्यातून कोडिंगकडे येणाऱ्या कुणी मला विचारलं तर लिंक्ड लिस्टच्या आधी मी हे सांगेन. ताल, गणित, बैठक, सगळं बरोबर येतं. ही एक सवय दाराबाहेर ठेवावी लागते, आणि ती नेमकी तुमची सगळ्यात कौतुकाची असते.

आता त्यांच्या प्रोग्राममध्ये चुकलेल्या नोंदींची वेगळी यादी निघते, फ्लॅट क्रमांकासह. खजिनदार काकांना ती इतकी आवडली की दर महिन्याला बिलांच्या आधी तीच मागतात.

सध्या

पगार मध्यंतरी वाढून ३१,००० झाला. चॅटजीपीटी ऑफिसात सगळेच वापरतात, सरही. ते लिहून देतं त्या कोडात चुका गुपचूप गिळलेल्या असल्या की त्यांना त्या चटकन दिसतात. स्वतःचा चेहरा ओळखावा तशा.

कार्यक्रम वर्षाला बारा-पंधरा, सगळे शनिवार-रविवारचे. गेल्या दिवाळीत एका आयोजकाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, मुलाचा क्लास संपायची वाट बघत. सरांनी पाच हजार सांगितले. पलीकडून नेहमीचं वाक्य आलं असावं, कारण सर थोडं थांबले. मग म्हणाले, "नाही जमणार हो. दुसरं कुणी बघा." फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, थोडे ओशाळले. तासाभराने त्याच आयोजकाचा चार हजारांवर होकार आला आणि सरांनी तो घेतला, कारण गायिका चांगली होती.

मुलगा आता अकरावीत आहे. परवा रेला वाजवताना त्याचा हात अडखळला, तो थांबला आणि पहिल्यापासून सुरू करायला लागला. सरांनी टाळी देणं सोडलं नाही. "थांबलास का? पुढे चल, पुढे चल, समेवर ये," म्हणाले. त्यांच्या शेजारी लॅपटॉप उघडा होता, सोमवारी जाणारी आवृत्ती तपासायला घेतलेली, आणि स्क्रीनवर लाल अक्षरांच्या चार ओळी तशाच होत्या.